तुमचे प्रश्न : १९५५ चं खेडं मुलुंडच्या पार्किंगमध्ये कसं उभं करायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या सोसायटीला यंदा ४० वर्षं होतायत म्हणून गणपतीत पार्किंगमध्ये जुन्या गावाचा देखावा करायचं ठरलंय, साधारण १९५५ चं सातारकडचं खेडं. बजेट साठ हजार. बैलगाडी भाड्याने मिळतेय, नऊवाऱ्या आणि नथी घेतल्यात, एका बाजूला विहीर आणि मोट, दुसऱ्या बाजूला खळं, खाली हिरवं कार्पेट आणि मागच्या भिंतीवर वारली चित्रं. बिल्डिंगमध्ये अजून दहा-बारा आजी-आजोबा आहेत जे त्या काळात गावाला वाढले, त्यांनी बघून "हो, असंच होतं" म्हटलं पाहिजे एवढीच इच्छा आहे. काय राहिलंय, काय चुकतंय?
— एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : पत्र वाचून खूप बरं वाटलं, कारण तुम्ही वर्ष आणि जिल्हा दोन्ही आधीच ठरवलंय, नाहीतर बहुतेक देखाव्यांत "जुनं गाव" म्हणून कोकणातलं जांभ्याचं घर, कोल्हापूरची गाडी आणि विदर्भातली कपाशी सगळं एकाच अंगणात बसवलेलं असतं. आता फक्त एक गोष्ट अजून ठरवा, महिना. खेड्यात घरात काय आहे, अंगणात काय आहे, माणसं कुठं आहेत हे सगळं महिन्यावर असतं. गणपती भाद्रपदात, तेव्हा पिकं शेतात उभी असतात, बायका भांगलणीला म्हणजे तण काढायला गेलेल्या असतात, खळं नसतंच आणि पावसाळ्यात मोटही सहसा चालत नाही. तुम्हाला मोट आणि खळं दोन्ही हवं असेल तर देखाव्यातला महिना माघ-फाल्गुन धरा, शाळूची म्हणजे रब्बी ज्वारीची काढणी झालेली आणि विहिरीवर गहू-कांद्याला पाणी चाललेलं, म्हणजे दोन्ही बरोबर बसतं. पण मग ते हिरवं कार्पेट काढावं लागेल बरं का. माघ-फाल्गुनात आमच्या खटाव तालुक्यात सगळं पिवळं आणि मातीच्या रंगाचं, हिरवं दिसलं तर फक्त पाटाच्या कडेला. कार्पेटचे पैसे वाचले, त्यात कडब्याच्या पेंढ्या आणा.

वारली चित्रं मात्र खरंच काढून टाका. ती पालघर-ठाण्याकडच्या आदिवासींची, तिथं लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात, साताऱ्याच्या घराशी त्यांचा काही संबंध नाही. आपल्याकडची भिंत म्हणजे पांढऱ्या मातीने पोतारलेली, खाली गेरूचा पट्टा, चुलीच्या बाजूला धुराने काळी पडलेली, बस. ती काळी करायला विसरू नका, आजी लोक आधी तिथंच बघतील.

मोट करताना एक चूक हमखास होते, बैल विहिरीकडे तोंड करून उभे करतात. बैलांची पाठ विहिरीकडे असते. ते धावेच्या उतारावरून विहिरीपासून लांब जातात, नाडा म्हणजे जाड दोर चाकावरून ओढला जातो, चामड्याची मोट वर येते, तिची सोंड सोंदूर नावाच्या बारीक दोराने वर धरलेली असते ती तोंडाशी आली की सुटते आणि पाणी थारोळ्यात म्हणजे विहिरीच्या काठच्या कुंडात पडतं, तिथून पाटात. मग बैल मागच्या पावली चढ चढत परत विहिरीशी येतात. हे मागं सरकणं बैलाला शिकवावं लागायचं आणि मोट हाकणारा उतरताना नाड्यावर बसायचा म्हणजे त्याचं वजन कामाला येतं. मी फार लहान असताना आमच्या विहिरीवरची मोट बघितलीये, नंतर इंजिन आलं. त्या चाकाची कुईकुई मला अजून ऐकू येते. तुम्ही आवाज लावणार असाल तर फिल्मी गाणं नको, तो चाकाचा आवाज आणि थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज लावा.

खळ्याचं पण तसंच. खळं म्हणजे ज्वारीचा ढीग नाही, आधी जमीन चोपून शेणाने सारवलेली गोल जागा, मधोमध तिवडा म्हणजे खांब, कणसं पसरलेली, त्यावर बैलांची पात गोल फिरते, बैलांनी खाऊ नये म्हणून तोंडाला मुसकी. मग उफणणी. माणूस उंच तिवईवर चढून वाऱ्यात पाटी धरतो, दाणे खाली आणि भुसकट लांब. वारा पडला की सगळे बसून राहायचे, कधी रात्री वारा सुटला तर रात्री उठून. मग राशीची पूजा आणि माप. माप मोजताना पहिल्या पायलीला "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात, मग दोन, तीन. तुमच्या पोरांपैकी एखाद्याला हे मोठ्याने मोजायला उभा करा, बघा आजोबांच्या तोंडावर काय येतं ते.

मापं म्हणजे दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. किलो अजिबात नको. दुकान करणार असाल तर पाटीवर आणे लिहा, रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. आणि बघा गंमत नाही तर केवढी मोठी गोष्ट आहे, कूळकायद्यात कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक धरलं तोही हाच दिवस, १ एप्रिल १९५७. म्हणजे तुमच्या १९५५ च्या गावात कितीतरी माणसं दुसऱ्याची जमीन कसतायत. घर दाखवताना हे डोक्यात असू दे, सगळ्यांचा चौसोपी वाडा नसतो. धाब्याचं म्हणजे मातीच्या सपाट छताचं दोन खणांचं घर, पुढं गोठा, आत उतरंड, शिंकं, कणगी आणि कोपऱ्यात जातं, बहुतेकांचं हेच.

कपडे. नथ आणि जरीकाठ लग्नातले, रोजच्या कामात नाही. दोन लुगडी, त्यातलं एक ठिगळाचं, काळी पोत, काचेच्या बांगड्या, हातावर गोंदण. पुरुषाला धोतर, पैरण, मुंडासं, खांद्यावर घोंगडं. नऊवाऱ्या घेतल्याच आहेत तर चार वेळा धुवून उन्हात टाका आणि पदर खोचून नेसवा, काष्टा वर घेतलेला हवा, शेतात लोळणारा पदर कुणी घेत नाही. भांडी पितळ, तांबं, माती आणि जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम चालेल, चकचकीत स्टील नको. दोर घायपाताचा नाहीतर अंबाडीचा, नायलॉनचा दिसला की सगळं गेलं. आणि कंदील-चिमणी, १९५५ ला त्या बाजूच्या बहुतेक खेड्यांत वीज नव्हती, त्यामुळं संध्याकाळी फोकस मारू नका, अर्धा तास तरी लाइट कमी करून दाखवा.

सारवण टाइल्सवर करू नका, पापुद्रे निघतात. जाड ताडपत्री, त्यावर दोन इंच माती आणि गव्हाचा भुसा कालवून चोपून घ्या, दोन-तीन दिवस पंखे लावून वाळू द्या, भाद्रपदात मुंबईची हवा काही वाळू देणार नाही, मग पातळ शेणाचा हात. शेण गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यातून मिळतं. चूल पेटवू नका मात्र, मंडपात आग नकोच, राख आणि अर्धवट जळलेल्या शेण्या ठेवा तेवढ्याने होतं.

आता दोन गोष्टी ज्या मला मनापासून सांगायच्यात. एक, गाव म्हटलं की आपण बलुतेदार मांडतो, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, छान पुतळे बसवतो, पण महारवाडा आणि मांगवाडा गावाबाहेर होता आणि पाणवठा वेगळा होता हे कुणी मांडत नाही. १९५० ला घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपली, पण ती कागदावर, विहिरीवर नाही. महार वतन, म्हणजे पिढीजात गावचाकरी आणि तिच्या बदल्यातली जमीन, कायद्याने गेलं ते सुद्धा १९५८ च्या कायद्याने, म्हणजे तुमच्या वर्षानंतर. तुमच्या दहा-बारा आजी-आजोबांत त्या बाजूच्या घरातलं कुणी असेल तर त्यांनी तुमची विहीर बघून "असंच होतं" कसं म्हणायचं? त्यांना आधी जाऊन विचारा, ते सांगतील तसं मांडा, आणि त्यांना सांगायचं नसेल तर आग्रह करू नका.

दुसरी गोष्ट, तुमच्या देखाव्यातल्या घरात तरणा पुरुष कशाला? अहो तो मुंबईत होता! गिरण्यांत तेव्हा दोन लाखांच्या आसपास माणूस कामाला होता, त्यातले कितीतरी साताऱ्याचे, कोल्हापूरचे, रत्नागिरीचे. माझे वडील परळला खोलीत वीस जणांत राहायचे, पाळीपाळीने झोपायचे, आणि गावाला माझी आजी आणि आई मिळून शेत ओढायच्या, औताला तेवढा गडी लावायचा. वडील यायचे जत्रेला नाहीतर सुगीला, रजा मिळाली तर. तुम्ही जे खेडं उभं करताय ते मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायचं. म्हणून माझं ऐकाल तर उफणणीला तिवईवर बाईच उभी करा, ओसरीवर म्हातारा, आणि दारात पोस्टमन, हातात मनीऑर्डरचा फॉर्म, खाली दोन ओळी मजकूर लिहिलेला. त्या दोन ओळी कुणाच्या तरी घरात खऱ्या सापडतील, बिल्डिंगमध्ये विचारा, जुन्या ट्रंकेत असतात. एवढं एक केलंत तर ते खेडं कुणाचंही राहणार नाही, तुमचंच होईल.

बघायला कुठं जायचं विचाराल तर भायखळ्याला राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय, तिथं जुनी मातीची मॉडेल्स आहेत वेगवेगळ्या व्यवसायांची आणि पोशाखांची, सजावट करणाऱ्याला बरोबर न्या. पुण्याला जाणार असाल तर केळकर संग्रहालयात दिवे आणि घरातल्या वस्तू बघा. आणि कोल्हापूरजवळ कणेरी मठावर पूर्ण गावच पुतळ्यांत मांडलंय, बैलांची ठेवण बघायला ते चांगलं.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. सातवीच्या मुलांना एक दिवस "आजीच्या काळात" जगायला लावायचंय, शाळेच्या आवारातच. खेळ, गाणी, जेवण असं ठेवलंय. अजून काय करू?
— एक शिक्षिका, दादर

उत्तर : खेळ आणि गाणी कमी करा आणि काम ठेवा. त्या काळात मुलांचा दिवस कामाचाच होता, गुरं वळायची, शेण गोळा करायचं, धाकटं भावंड कडेवर. तुम्ही एवढंच करा, सकाळी मुलांना सांगा की दुपारची भाकरी तुम्ही दळलेल्या पिठाची, आणि एक जातं, ज्वारी आणि दोन हंडे द्या. पाणी तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर त्यांनीच आणायचं, मुलांनी सुद्धा, फक्त मुलींनी नाही, हे स्पष्ट सांगा. मध्ये कुणी किती दळलं ते विचारू नका. पोळी, पुलाव काही ठेवू नका, साताऱ्याकडे तेव्हा रोजचं जेवण म्हणजे भाकरी, कोरड्यास म्हणजे कालवण आणि ठेचा, गहू सणाचा. भूक लागली की मग त्यांना जात्यावरच्या ओव्या ऐकवा, आधी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या पुष्कळ ओव्या परी नावाच्या साइटवर त्या बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. दोन ओव्यांच्या मध्ये दगडाची घरघर ऐकू येते, ती मुलांना त्या दिवशी ओळखू येईल.

प्रश्न : आजीचं जातं गावाहून बोरिवलीला आणलंय. दळायला घेतलं तर दाणे नुसते भरडतात, पीठ होत नाही. शोपीस म्हणून ठेवायचं नाहीये, वापरायचंय.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : टाकी गेलीये. वापरून वापरून पाळूची म्हणजे जात्याच्या दगडाची आतली बाजू गुळगुळीत होते, ती छिन्नीने परत खरबरीत करावी लागते, त्याला जात्याला टाकी लावणं म्हणतात. पूर्वी दारावर "टाकी लावायची का" करत यायचे, आता गावाकडच्या आठवडी बाजारात पाथरवट भेटतो, पाटा-वरवंटा विकणाऱ्याला विचारा, तोच करून देतो. स्वतः ड्रिल-ग्राइंडर लावू नका, दगड फुटतो. खालच्या पाळूतली मधली खीळ हलत असेल तर तीही पाचर मारून घट्ट करून घ्या, आणि वैरताना मूठभरच वैरा, घास मोठा झाला की भरडच पडणार. टाकी लावल्यावर दोन्ही पाळ्या ब्रशने धुवून उन्हात वाळवा, मग शेर-दोन शेर ज्वारी दळून ते पीठ टाकून द्या, त्यात दगडाची कच असते, गाईला सुद्धा घालू नका. चिमटीत घेऊन दाताखाली धरून बघा, कच लागायची थांबली की मगच भाकरीला घ्या.