वाचक विचारतात : बेटावरची दुबार पेरणी

प्रश्न : आमच्या सेलूहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी वाचनालयातली ‘रॉबिन्सन क्रूसो’ची प्रत पानं सुटेपर्यंत फिरते. बेटावर अडकलेल्या माणसाच्या गोष्टीत एवढं काय आहे?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : हिशेब आहे. डॅनियल डिफोच्या या कादंबरीत (१७१९) क्रूसो रडतो, प्रार्थना करतो (ती पानं मुलांनी उलटली तरी बिघडत नाही). वाचक गुंततो तो त्याच्या सामानात. अडकलेल्या जहाजावर तो बारा फेऱ्या मारतो, बंदुका, दारूगोळा, सुताराची पेटी, शिडाचं कापड आणतो. मग वादळात जहाज नाहीसं होतं. आता आहे त्यात भागवायचं.

पेरणीचा भाग तर आपल्याकडच्या वाचकाला घरचाच वाटेल. कोंबड्यांच्या दाण्याच्या पिशवीतला कोंडा झटकला, तिथं पावसानंतर जवाच्या दहा-बारा ओंब्या आल्या. पुढं पेरताना तो दोन तृतीयांश बी टाकतो, मूठभर राखतो. हंगाम चुकतो; पेरल्यावर पाऊस नाही, ओल नाही, पीक हातचं जातं. राखलेल्या बियांतून फेब्रुवारीत दुबार पेरणी करतो, तीही जपून, आणि मार्च-एप्रिलच्या पावसावर ती साधते. आलेलं पुन्हा बियाण्यालाच ठेवायचं, म्हणून त्यातला घास तोंडात पडायला चौथं वर्ष उजाडतं. ‘त्यानं शेती केली’ एवढंच लिहिलं असतं, तर पुस्तक केव्हाच रद्दीत गेलं असतं.

चूकसुद्धा मोजून मांडलेली. वीस दिवस घालवून प्रचंड झाड तोडतो, होडी कोरायलाच जवळपास तीन महिने. पाणी शंभर यार्डांवर, मधे चढ. होडी जागची हलत नाही.

प्रश्न : शाळेच्या नाटुकल्यात बेटावरचा मुलगा स्वतःच्या चष्म्यानं आग पेटवतो. चालेल ना?
— एक शिक्षिका, औसा (जि. लातूर)

उत्तर : त्याला लांबचं दिसत नसेल, तर नाही. त्या चष्म्याची काच अंतर्गोल, ती ऊन फाकवते. विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये (१९५४) नेमकी हीच चूक राहिली आहे. जूल व्हर्नच्या ‘द मिस्टीरियस आयलंड’ कादंबरीतला इंजिनिअर जास्त हुशार : घड्याळाच्या दोन काचा जोडून मधे पाणी भरतो, कडा चिकणमातीनं लिंपतो, की झालं बहिर्गोल भिंग. तुमच्या मुलाच्या खिशात आजोबांचा वाचायचा चष्मा द्या. मात्र काच वाळक्या पालापाचोळ्याला टेकवू देऊ नका. अधिक चार नंबरची असेल तर पंचवीस सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभर अंतरावर धरायला शिकवा.