कुंभमेळ्याच्या नादात गंगापूर रोडचा फ्लॅट आधी घ्यायचा का? माझं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा मेल दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना मलाच कळेना की प्रश्न घर घ्यायचा आहे की एजंटला रविवारपर्यंत दोन लाख टोकन द्यायचा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दादा नाशिकचे, वय ४४, अंबडला कंपनीत नोकरी, हातात महिन्याला १ लाख ५ हजार, वहिनी घरी ट्यूशन घेतात, मुलगी दहावीला. २०१२ ला इंदिरानगरमध्ये टू बीएचके घेतला, स्टँप ड्युटी वगैरे धरून २४ लाखांत, लोन ६ लाख बाकी आणि हप्ता ११ हजार. एफडी १२ लाखांची. आता गंगापूर रोडला बांधकाम चालू असलेल्या स्कीममध्ये थ्री बीएचके बघितलाय, ९५ लाख, ताबा २०२७ च्या शेवटी. एजंट म्हणतो हा आत्ता बुक करा आणि जुना फ्लॅट कुंभमेळा झाल्यावर विका, रेट कुठच्या कुठे जाणार, आज ५८ येतील ते तेव्हा ७० येतील.

आधी या कुंभमेळ्याचं बोलू. सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ ला आहेत, रस्त्यांची कामं दिसतायत, समृद्धी महामार्गही जून २०२५ पासून पूर्ण सुरू झालाय, रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला जागेचा दर) एप्रिल २०२५ ला नाशिक महापालिका हद्दीत ७.३१ टक्क्यांनी वाढला, हे सगळं खरं. पण स्नानाला येणारा माणूस डुबकी मारून परत जातो हो, तो इंदिरानगरला टू बीएचके घेत नाही. मागच्या सिंहस्थाआधी मी स्वतः हेच ऐकून आडगाव बाजूला प्लॉट घेतला होता, २०१५ गेलं, मग नोटाबंदी आली, २०१७ ला रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) आणि जीएसटी लागोपाठ आले, बाजार असा थंडावला की तो प्लॉट मी कितीतरी वर्षांनी विकला तेव्हा एफडीपेक्षा फार काही जास्त सुटलं नाही. बायको अजून टोमणे मारते.

आणि समजा एजंटचं खरं ठरलं, तरी त्यात तुमचा फायदा कुठाय? हे जरा शांतपणे बघा. अख्ख्या नाशिकचे रेट १० टक्के वाढले तर तुमचा ५४ चा फ्लॅट ५ लाख ४० हजारांनी वाढेल, पण तुम्हाला घ्यायचाय तो ९५ चा साडेनऊ लाखांनी वाढेल. म्हणजे तुम्हीच चार लाखांनी मागे. उलट रेट १० टक्के पडले तर तुम्ही चार लाखांनी पुढे. जो माणूस लहान घरातून मोठ्या घरात चाललाय त्याने भाव वाढायची वाट बघत बसणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. तुम्ही एकाच बाजारात विकणार आणि त्याच बाजारात घेणार, त्यामुळे रेट काय होतो यापेक्षा दोन व्यवहारांमधे किती महिने जातात आणि त्या काळात कुणाच्या पैशावर जगता हे जास्त महत्त्वाचं. (५८ च्या ऐवजी मी ५४ का धरतोय? कारण ५८ हा जाहिरातीतला आकडा आहे. नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमधे तुमच्याच सोसायटीचे शेवटचे दोन-तीन इंडेक्स टू (नोंदलेल्या सौद्याचा सरकारी उतारा) काढा, खरे सौदे तिथे दिसतात.)

आता आधी घ्यायचं म्हटलं तर काय होतं बघा. ९५ वर ५ टक्के जीएसटी म्हणजे पावणेपाच लाख, स्टँप ड्युटी ६ टक्क्यांनी ५ लाख ७० हजार, नोंदणीचे ३० हजार. झाले पावणेअकरा लाख, आणि घर पडलं १ कोटी पावणेसहा लाखांना. बँकेने अगदी ताणून ७५ लाख दिले तरी बाकीचे पावणे एकतीस लाख तुमच्या खिशातून पाहिजेत, आणि खिशात आहेत १२. वरचे कुठून आणणार, पीएफ मोडून, वहिनींचं सोनं ठेवून? शिवाय रिटायरमेंटला १४ वर्षं राहिलीत, त्यामुळे ८ टक्के व्याजाने लाखाला ९९१ रुपये हप्ता पडतो, ७५ लाखांना सव्वा चौऱ्याहत्तर हजारांच्या वर. ताब्यापर्यंत स्लॅबप्रमाणे, म्हणजे बांधकाम होईल तसं लोन मिळत असल्याने, हप्ता कमी असेल पण शेवटी हाच आकडा येणार, त्यात जुना ११ हजार. पगार १ लाख ५ हजार. मला नाही वाटत कुठली बँक हे पास करेल, आणि केलं तर मला त्या बँकेचीच काळजी वाटेल. २० वर्षांचं लोन घ्या म्हणजे हप्ता कमी, असं एजंट सांगेल, पण ६४ व्या वर्षी हप्ता एजंट भरणार नाहीये.

म्हणून माझं मत सरळ आहे, आधी विका. जुन्या फ्लॅटचं साठेखत (विक्रीचा आगाऊ करार) करा, ताबा चार-सहा महिन्यांनी द्यायचा असं त्यात लिहून घ्या, गिऱ्हाईक चांगलं असेल तर ऐकतं, आणि त्या मुदतीत नवीन शोधा. आणि नवीन म्हणजे बांधकाम चालू असलेला नको, कम्प्लिशन (पूर्णत्वाचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅट किंवा रिसेल बघा. तयार घराला जीएसटी नाही, पावणेपाच लाख तिथेच वाचले, आणि २०२७ च्या शेवटपर्यंत भाड्याने राहायचं म्हटलं तर महिना १५ हजार धरा, दोन वेळा सामान हलवणं, मुलीची दहावी-बारावी त्या धावपळीत... नको. क्लब हाऊस आणि स्विमिंग पूल नसेल मिळत रिसेलमधे, पण तसंही मेंटेनन्स भरून कोण रोज पोहतंय.

बजेट पण ९५ चं नको, ८५ करा. ५४ ला विकलं, लोन आणि दलाली गेली की साडेसत्तेचाळीस हातात. एफडीतले ७ लाख वापरा, ५ लाखांना हात लावू नका, मुलीच्या ॲडमिशनला दोन वर्षांत लागतील. ८५ च्या तयार घराला सगळे खर्च धरून सव्वा एक्याण्णव लागतात, म्हणजे लोन पावणेसदतीस लाख, हप्ता साडेछत्तीस हजारांच्या आत. पगाराचा तिसरा हिस्सा. ९५ चं घेतलंत तर सत्तेचाळीस हजार होतो, भागेल, पण मग ट्यूशनचे पैसे गृहीत धरावे लागतील.

टॅक्सची भीती तुम्ही लिहिलीये, ती एवढी नाही. २४ लाख इंडेक्स केले, म्हणजे सरकारी महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढवून धरले, २०० वरून ३७६ (हा २०२५-२६ चा), तर ४५ लाख १२ हजार होतात, नफा ८ लाख ८८ हजार, त्याचे २० टक्के पावणेदोन लाखांच्या थोडं वर. इंडेक्सेशन न घेता १२.५ टक्क्यांनी पावणेचार लाख, म्हणजे जुनी पद्धत बरी, आणि २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला ती निवडता येते. पण नवीन घर विक्रीनंतर दोन वर्षांत घेतलंत तर, ज्याला सगळे कलम ५४ म्हणतात, त्यात हाही टॅक्स वाचतो. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत घर नाही घेतलं तर नफ्याचे पैसे बँकेत कॅपिटल गेन खात्यात टाकायचे, साध्या एफडीत नाही, यात भले भले चुकतात.

यात एक गोम आहे. एजंटने वहिनींच्या एकटीच्या नावावर घ्या, स्टँप ड्युटीत १ टक्का वाचेल असं सांगितलंय ना? जुना फ्लॅट तुमच्या नावावर आणि नवा फक्त त्यांच्या, मग कलम ५४ ची सूट वादात सापडू शकते. ९५ हजारांसाठी इन्कम टॅक्सशी भांडत बसायचं का, तुम्हीच ठरवा. मी दोघांच्या नावावर घेईन.

टोकनचं म्हणाल तर रविवारी देऊ नका. एजंट म्हणेल दुसरं गिऱ्हाईक आहे, ते नेहमीच असतं.

पहिलं काम वेगळंच आहे. तुमची बिल्डिंग २०१२ च्या आसपासची, आणि आपल्याकडे कपाट प्रकरणात (कपाटाची जागा खोलीत घेऊन जादा बांधकाम केल्याचा वाद) त्या काळातल्या कितीतरी इमारतींचं कम्प्लिशन अडकलं होतं. तुमच्या बिल्डिंगला पूर्णत्वाचा दाखला आहे का? सोसायटीच्या सेक्रेटरीकडून त्याची कॉपी मागून घ्या, शेअर सर्टिफिकेट आणि घरपट्टीची पावती शोधून ठेवा. दाखला नसेल तर गिऱ्हाईकाची बँक लोनला नाक मुरडेल आणि ५४ चे ४८ व्हायला वेळ लागणार नाही. तो कागद हातात आला की मला कळवा, मग इंडेक्स टू बघून विक्रीचा आकडा ठरवू.