संस्थेच्या मदतीसाठी विकली जाणारी श्रीलंकेची अख्खी दालचिनी घ्यावी का?

घ्या, पण आधी विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: सोलणाऱ्याला किती मिळाले? दालचिनीची खरी किंमत त्या हातांत आहे. कोवळ्या फांद्या तोडायच्या, वरची साल खरवडायची, पितळी दांड्याने घासून आतली साल सैल करायची आणि ती न फाडता अलगद सोडवायची. मग पातळ साली एकात एक भरून सुमारे 42 इंचांची नळी बनवतात आणि सावलीत वाळवतात. हे काम शिकायला वर्षे जातात. श्रीलंकेवर डचांचे राज्य होते त्या काळात तर तिथल्या सालागम जातीच्या लोकांकडून ते सक्तीने करून घेतले जाई. आजही नवी पिढी या कामाकडे सहसा वळत नाही, म्हणून बागा असूनही सोलणारे मिळत नाहीत. माझ्या मते देणगीचा आकडा कितीही मोठा असला, तरी सोलणाऱ्याची मजुरी कापून दिलेले दान मला पटत नाही.

अख्खी घेण्याचा फायदा असा की माल डोळ्यांनी ओळखता येतो. सिलोन, म्हणजे श्रीलंकेची, दालचिनी फिकट, आत अनेक पापुद्रे, बोटांनी चुरते. आपल्या किराणा दुकानात बहुधा मिळते ती जाड, कडक साल कॅशिया, म्हणजे दालचिनीच्याच जवळच्या दुसऱ्या झाडाची, असते. तिच्यात कूमारिन, म्हणजे जास्त पोटात गेल्यास यकृताला अपाय करू शकणारे नैसर्गिक द्रव्य, बरेच जास्त असते, म्हणून रोज खाणाऱ्याने सिलोनच घ्यावी. 2022 पासून 'सिलोन सिनॅमन'ला युरोपीय संघात भौगोलिक मानांकन आहे.

बाकी, नफ्यातला किती वाटा संस्थेला जातो, हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर कोकणातल्या बागायतदाराकडून दालचिनी घ्या आणि संस्थेला थेट पैसे द्या.