पीसीआर पॉझिटिव्ह आला, म्हणजे शिंपले विषारी असं नाही

पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारी चाचणी) पाण्यात अलेक्झांड्रियमचा, म्हणजे शिंपल्यांच्या मांसात विष साठवू शकणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा, डीएनए सापडला म्हणून लगेच घाबरू नकोस. डीएनए एवढंच सांगतो की हे शैवाल इथे आहे, किंवा होतं. मेलेल्या पेशींचा डीएनएही काही काळ पाण्यात टिकतो. विष किती, ते त्यातून कळत नाही. सॅक्सिटॉक्सिन (हेच ते विष) बनवणाऱ्या जनुकांपैकी एसएक्सटीए या जनुकाची चाचणी त्यातल्या त्यात जवळची, पण हे जनुक असूनही विष न बनवणारे वाण आढळले आहेत. त्यामुळे शिंपल्यांच्या मांसाची रासायनिक तपासणी काही टळत नाही. बंदीचा निर्णय तिच्यावरच होतो. बऱ्याच देशांत मर्यादा किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम आहे. जनुकीय चाचणी आधी सावध करते, तिचं काम तेवढंच. तेही कमी नाही म्हणा.

पेशी मोजायला क्यूपीसीआर (डीएनए किती आहे तेही सांगणारा पीसीआर) वापरणार असशील तर जपून. त्यात बहुधा राइबोसोमल जनुकाच्या प्रती मोजून पेशींचा अंदाज काढतात, पण एका पेशीत या प्रती किती, हे वाणागणिक खूप बदलतं. दुसऱ्याच समुद्रातल्या वाणावरचा स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या पेशीसंख्येवरून काढलेला तुलनेचा आलेख) लावून मी एकदा आकडा कित्येक पट फुगवला होता. सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्यावर ओशाळलो. स्थानिक वाण वाढव, त्याचाच कर्व्ह काढ.

निगेटिव्ह निकालावर तर त्याहून कमी विश्वास ठेव. गढूळ पाण्यातले ह्यूमिक पदार्थ (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारे) पीसीआरची अभिक्रियाच अडवतात. प्रत्येक नमुन्यात इंटर्नल कंट्रोल (अभिक्रिया चालली का हे दाखवणारा, मुद्दाम घातलेला ओळखीचा डीएनए) हवाच; शंका आली तर काढलेला डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालव. आणि ल्यूगोलमध्ये (नमुने टिकवायचं आयोडीनचं द्रावण) महिनोन्महिने पडलेल्या नमुन्यांच्या बाटल्यांच्या नादी लागू नकोस. पाणी गाळलेला फिल्टर त्याच दिवशी उणे ८० अंश सेल्सिअसला ठेव.