वाचकांचे प्रश्न : पायवाटेसाठी छोटं अनुदान

प्रश्न : आमचा चालणाऱ्यांचा गट नोंदणीकृत नाही. झाडोऱ्यात बुजलेली एक जुनी पायवाट पुन्हा चालती करायची आहे. छोट्या अनुदानासाठी अर्ज करणार आहोत. टिकाव-फावडी आधीच घेऊन ठेवावीत का?

उत्तर : अजिबात नको. मंजुरीपत्राच्या तारखेआधीची बिलं बहुतेक योजनांत धरत नाहीत, तो खर्च तुमच्याच अंगावर पडतो. आधी जमीन कोणाची ते शोधा. एकाच वाटेवर दोन-तीन मालक निघू शकतात, आणि त्यातला एक ‘करा की’ म्हणाला म्हणजे परवानगी झाली असं नाही. परवानगी लेखीच घ्या. नकाशावर आखलेला वाटेचा भाग, करायचं काम, मुदत आणि पुढची देखभाल कोणाकडे, एवढं त्यात असावं. हा कागद नसेल तर बाकीचा अर्ज कितीही देखणा असला तरी बाजूला पडतो.

नोंदणी नसली तरी काही योजना चालवून घेतात. मात्र लेखी नियमावली आणि दोघांच्या सहीने चालणारं गटाच्या नावाचं बँक खातं लागतं. पैसे आगाऊ मिळणार की काम झाल्यावर बिलं पाहून, हेही अर्जाआधीच विचारा. बिलं पाहून मिळणार असतील तर तोवर रक्कम कोण घालणार ते गटात ठरलेलं बरं.

प्रश्न : श्रमदान अंदाजपत्रकात कसं दाखवायचं?

उत्तर : खर्चात नाही, ‘गटाचा वाटा’ म्हणून. १२ जण, रोज ४ तास, ६ दिवस म्हणजे २८८ तास; त्याला देणाऱ्या संस्थेने ठरवून दिलेला दर लावा, मनाचा नको. हजेरीपट त्याच दिवशी भरा : नाव, आल्या-गेल्याची वेळ, काम, सही. महिनाभराने एका बैठकीत, एकाच पेनने भरलेला पट तपासणाऱ्याला लगेच कळतो.

‘साहित्य, एकरकमी’ असं लिहू नका. दगड किती घनमीटर, खांब किती, ते मांडा. दगडापेक्षा तो गाडीरस्त्यापासून वाटेपर्यंत वाहून नेणं बरेचदा महाग पडतं आणि नेमकी तीच ओळ राहून जाते. विमा आणि प्रथमोपचार पेटीचंही तसंच. अनपेक्षित खर्चासाठी योजना परवानगी देत असेल तर १० टक्के ठेवा.

प्रश्न : वाटेवरून धावणारं पाणी बाजूला काढायला अनुदानातून आडवे ओंडके बसवले. पहिल्याच मोठ्या पावसात त्यांच्यामागे गाळ भरला आणि पाण्याने बाजूने नवी घळ पाडली. आता संस्था देखभालीचा आराखडा मागते आहे. काय लिहावं?

उत्तर : आराखड्याआधी दुरुस्ती. ओंडके वाटेला काटकोनात बसले असावेत. तसे बसले की पाणी अडतं, गाळ तिथेच टाकतं, आणि जागा भरली की वरून किंवा कडेने वाट काढतं. ओंडका वाटेच्या रेषेशी ४५ ते ६० अंशांत तिरपा हवा. डोंगराकडचं टोक मातीत रुतवा, उताराकडचं वाटेबाहेर साधारण ३० सेंटिमीटर काढा. दोन-तृतीयांश जाडी जमिनीत गाडा. पाणी बाहेर पडतं तिथे दगड पसरा, नाहीतर त्या जागी खड्डा पडत जातो.

तरीही ओंडका हा दुय्यम उपाय. पाणी वाटेवर मुळात धावूच नये. मीटरभर रुंद वाटेची बाहेरची (उताराकडची) कड आतल्या कडेपेक्षा ५ सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे पाणी आडवं ओलांडून जाईल. शिवाय वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. दोरी आणि लेव्हल घेऊन मोजा : १० मीटर आडव्या अंतरात १ मीटर चढ म्हणजे १० टक्के. डोंगरउतार १२ टक्के आणि वाटही १० टक्के असेल, तर वाट जवळजवळ पाण्याच्याच रेषेत आहे. तिथे ओंडके वाढवण्यात पैसे घालू नका. तेवढा तुकडा तिरपा वळवा, आणि त्यासाठी मालकाची नवी परवानगी घ्या.

आराखडा एका पानात बसतो. पावसाआधी पाण्याच्या तोंडांतला पाला-गाळ काढणं. पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन वाट चालून पाणी कुठून धावतं ते पाहणं (कोरड्या दिवशीच्या पाहणीत निम्मं कळत नाही). पाऊस संपल्यावर बाहेरच्या कडेला चढलेला मातीचा वरंबा खरवडणं. तो राहिला की वाटेचीच पन्हळ होते. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि लागणारे तास लिहा. फोटो दरवेळी त्याच जागेवरून काढा.

प्रश्न : दिशेचे बाण झाडांवर ठोकले तर चालतील?

उत्तर : जिवंत झाडाला खिळा नको. खांब किंवा दगडावर रंग. फाट्यावर एक बाण आणि योग्य वाटेवर थोडं पुढे खात्रीची दुसरी खूण. काम झाल्यावर कोणीतरी वाट उलट दिशेने चालून पाहा, कारण खुणा बहुतेकदा एकाच बाजूने दिसतील अशा लागलेल्या असतात.