नकाशात 'स्टोअर' लिहिलं म्हणून खोली स्टोअर होत नाही

घराचा पहिलाच प्लॅन काढताय, तर सगळी नियमावली पाठ करायला बसू नका. आधी प्रत्येक खोलीला एकच प्रश्न विचारा: इथे माणूस बराच वेळ थांबणार आहे का? राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा सगळा भर त्यावरच आहे. झोपायची, बसायची, अभ्यासाची, जेवायची खोली म्हणजे राहण्यायोग्य. न्हाणीघर, संडास, पॅसेज, कोठीची खोली, तळघर, पोटमाळा हे त्यात येत नाहीत. स्वयंपाकघर मधेच लोंबकळतं. बसण्या-उठण्यालाही वापरलं तरच ते राहण्यायोग्य धरतात.

राहण्यायोग्य खोल्यांसाठी सुरुवातीला एवढे आकडे पुरे:
- घरात एकच खोली असेल तर किमान ९.५ चौ.मी., रुंदी २.४ मी.
- दोन असतील तर दुसरी ७.५ चौ.मी., रुंदी २.१ मी.
- उंची २.७५ मी., तुळईखाली २.४ मी.

नवखे हमखास चुकतात ते खिडक्यांत. दार त्या हिशेबात धरत नाहीत! कोकणासारख्या दमट हवेत खिडक्या-झरोक्यांचं एकूण क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या किमान एक-षष्ठांश हवं. दुसरी चूक शीर्षकातली, म्हणजे उजेड नसलेल्या खोलीला 'स्टोअर' नाव देऊन नकाशात तिथेच पलंग काढायचा. (मीही काढलाय. तपासणाऱ्याने पलंगावर लाल गोल केला.)

मेझनिन (दोन मजल्यांमधला अर्धा मजला), एसी खोल्यांच्या सवलती नंतर बघू. आणि तुमच्या पालिकेची नियमावली उघडी ठेवा, मंजुरी तिच्यावरच मिळते. प्लॅन टाका, खिडक्या मोजून देतो.