ढाब्यासारखा काळा रस्सा घरी करताना
मटणाच्या काळ्या रश्श्याला ढाब्याची चव येत नाही म्हणून तुम्ही मिरची वाढवत असाल, तर बहुधा उणीव तिखटाची नसून भाजण्यातली आहे. कांदे सालीसकट थेट आचेवर काळपट होईपर्यंत भाजून सोलावेत, सुके खोबरे मात्र तपकिरी होताच उतरवावे, कारण ते करपले की रस्सा कडवट होतो. मग दोन्ही आले-लसणासह बारीक वाटून तेल सुटेपर्यंत परतावे. काळा मसाला आणि तिखट मंद आचेवर त्या तेलातच घालावे, कारण मिरचीचा लाल रंग पाण्यात नव्हे, तेलात उतरतो आणि तर्री त्यातूनच येते. नंतरचे पाणी उकळतेच हवे. मसाल्यात दगडफूल कमी वाटल्यास थोडे भाजून मिसळावे. टोमॅटो, माझ्या मते, या रश्श्यात नकोच. सोबत ज्वारीची भाकरी असावी.